चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधे खासदार कोण असायचे?

प्रश्न: इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंटचं भांडण झालं असं वाचलं. तेव्हाचे खासदार कोण होते, राजाला घाबरायचे नाहीत का? (एक वाचक, इयत्ता सहावी)

उत्तर: अरे, घाबरायचे ना, तरी बोलायचे! हे बहुतेक जमीनदार, वकील नाहीतर व्यापारी, बाई एकही नाही. मत पण सगळ्यांना नव्हतं, काउंटीत (म्हणजे इंग्लंडमधल्या जिल्ह्यात) ज्याला स्वतःच्या जमिनीतून वर्षाला निदान 40 शिलिंग (तिथलं तेव्हाचं नाणं) मिळतात त्यालाच, शहरांचे नियम जागोजागी वेगळे.

सभा कधी भरवायची, कधी मोडायची हे राजा ठरवणार, पण नव्या करांना पार्लमेंटची मंजुरी लागायची, म्हणून पैशाची नड आली की त्याला यांना बोलवावंच लागायचं आणि मग हे म्हणायचे, आधी आमच्या तक्रारी ऐका. 1628 मधे एडवर्ड कोक वगैरे खासदारांनी राजाकडून ‘पिटिशन ऑफ राइट’ मान्य करून घेतलं, म्हणजे पार्लमेंटला न विचारता कर नाही, कारण न सांगता कोणाला तुरुंगात टाकायचं नाही. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट.

आणि 2 मार्च 1629 चा दिवस तर बघच. राजाचा हुकूम म्हणून स्पीकर, म्हणजे सभेचे अध्यक्ष, जॉन फिंच सभा थांबवून उठायला लागले तर डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोघांनी त्यांना खुर्चीतच दाबून धरलं, दाराला कुलूप, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावतोय आणि आत ठराव मंजूर! याची किंमत मोजली त्यांचा पुढारी जॉन एलियटनी, त्याला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत टाकलं, 1632 मधे तो तिथेच वारला. राजाने नंतर 11 वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही.