बेट एंजलच्या एक्सेल शीटमधून ‘बॅक’ जातो, गोलनंतरचा ‘ले’ का जात नाही?

लेस्टरला शिकणारा तुमचा भाऊ बेट एंजल, म्हणजे बेटफेअरवर सट्टा लावायचं सॉफ्टवेअर, एक्सेलमधून चालवतो. त्याचा ‘बॅक’ (संघ जिंकेल यावर पैसे लावणं) पडतो, पण ओ९ या सेलमधला स्टेटस पुसला जात नाही, म्हणून दुसरा सौदा, म्हणजे ‘ले’ (संघ जिंकणार नाही यावर लावणं), अडकतो. बेट एंजलच्या तयार शीटमध्ये पहिला संघ ९ व्या ओळीत येतो: एल मध्ये आज्ञा, एम मध्ये भाव, एन मध्ये रक्कम, ओ मध्ये स्टेटस. सौदा पडला की ओ९ मध्ये ‘प्लेस्ड’ उमटतं, आणि ते तिथे असेपर्यंत सॉफ्टवेअर एल९ कडे बघतच नाही. ही सोय मुद्दाम आहे, नाहीतर दर रिफ्रेशला तोच सौदा पुन्हा पडला असता. सूत्राने दुसरा सेल रिकामा करता येत नाही, त्यासाठी छोटा मॅक्रो (एक्सेलमध्येच लिहिलेला प्रोग्रॅम) लागतो. त्यात क्रम सांभाळा:

- आधी एल९ रिकामं करा
- मग ओ९ पुसा
- शेवटी नवा भाव, रक्कम आणि सगळ्यात शेवटी ‘ले’

ओ९ आधी पुसलं तर जुना ‘बॅक’ परत जाईल, हे फार महागात पडतं. मॅक्रो सुरू होताना एक्सेलचे ईव्हेंट (सेल बदलला की मॅक्रो आपोआप चालवणारे इशारे) बंद आणि संपताना चालू करा, नाहीतर तो स्वतःलाच हाका मारत बसतो. लातूरला मी मॅक्रोचे क्लास घेते, तिथे अशीच शीट प्रॅक्टिस मोडमध्ये (खरे पैसे न लावता) तपासली होती. भावानेही आधी त्याच मोडमध्ये चालवून बघावी. मात्र हे इंग्लंडपुरतंच. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा सुट्टीत परभणीला आल्यावर ही शीट सट्ट्याच्या खात्याला जोडायची नाही.