पावलातल्या शिरा आणि ‘विकृती’

विचारणा अशी आहे : रुग्णांसाठीच्या मराठी माहितीपत्रकात ‘पायाच्या त्वचेच्या शिरांमधील शारीरिक विकृती’ असं लिहिलं तर चालेल का? सांगायचं आहे ते इतकंच, की पावलाच्या कातडीला संवेदना पुरवणाऱ्या नर्व्हज सगळ्या माणसांत एकाच वाटेनं जात नाहीत.

माझ्या मते चालणार नाही. दोन शब्दांची अडचण किरकोळ आहे. ‘पाय’ मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत पसरतो, म्हणून इथे ‘पाऊल’ हवं. आणि ‘शारीरिक’ म्हणजे अंगाशी संबंधित काहीही, अगदी शारीरिक शिक्षणसुद्धा. आयुर्वेद महाविद्यालयांत शरीराच्या रचनेचा विषय ‘रचना शारीर’ या नावानं शिकवतात. त्यातला ‘रचना’ हाच शब्द आपल्या कामाचा.

खरा घोळ ‘शिरां’चा. बोलताना आपण शीर कशालाही म्हणतो. इंजेक्शन देतात ती शीर, मानेत आखडते ती शीर आणि टाचेवरची जाड कंडरा तीही धोंडशीर. ‘नस’ही तशीच. डॉक्टर ‘नस दबली आहे’ म्हणतात तेव्हा नर्व्ह अभिप्रेत असते, पण हात कापून घेणाऱ्यानं ‘नस कापली’ म्हटलं की रक्तवाहिनी. ‘स्नायू’कडे तर वळूच नका : आपल्याकडे तो मसल, बंगालीत मात्र नर्व्ह. उरतात ‘मज्जातंतू’ आणि ‘चेता’. पहिला लोकांच्या कानावरचा, दुसरा शाळेच्या पुस्तकातल्या चेतासंस्थेतला, आणि सुटसुटीत. पत्रकात मी एकदा ‘त्वचेचे मज्जातंतू (त्वचाचेता)’ असं लिहून पुढे ‘चेता’च वापरेन.

गंमत म्हणजे पावलावर एक चेता चक्क डोळ्यांना दिसू शकते. पाऊल खाली ताणून आत वळवा आणि चौथं बोट खाली दाबा. अंगानं सडपातळ असाल तर घोट्याच्या पुढून बोटांकडे जाणारी एक दोरी कातडीखाली उठून दिसेल. दहातले नऊ जण तिला शीर म्हणतील. ती आहे पावलाच्या वरच्या बाजूला संवेदना देणाऱ्या चेतेची फांदी.

आता ‘विकृती’. हा शब्द माणसाला घाबरवतो आणि तो चूकही आहे. पोटरीमागून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे उतरणारी सुरल चेता घ्या (लॅटिनमध्ये ‘सुरा’ म्हणजे पोटरीच, खुशाल ‘पोटरीचेता’ म्हणा). बहुतेकांत ती दोन फांद्यांच्या संगमातून बनते. पण हा संगम कुणात गुडघ्यामागे होतो, कुणात पोटरीच्या खाली, कुणात होतच नाही. एकच फांदी शेवटपर्यंत जाते. पुढे ती कुणात करंगळीपुरती थांबते, तर कुणात चौथ्या बोटापर्यंत किंवा त्याच्याही पलीकडे हात पसरते. मग शेजारच्या चेतेचा वाटा तेवढा कमी होतो. अशा माणसाला जन्मभर काहीच जाणवत नाही. फरक पडतो तो घोट्याजवळ छेद घेणाऱ्या किंवा तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरला. याला विकृती कसं म्हणायचं? ‘दोष’, ‘विसंगती’ यांतही तोच वास येतो.

मला आधी ‘पाठभेद’ सुचला होता. एकाच ओवीचे दोन पोथ्यांत दोन पाठ, तसं हे. पण पाठभेद म्हटलं की कुठेतरी मूळ शुद्ध पाठ होता, असं आपण धरून चालतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच समजुतीनं. पावलात असा मूळ पाठ नाही, फक्त जास्त आढळणारी आणि कमी आढळणारी मांडणी आहे. म्हणून ‘रचनाभेद’. ‘भेद’ हा शब्द दोन्हींपैकी कुणालाच चूक ठरवत नाही.

तर शीर्षक : ‘पावलाच्या त्वचाचेतांमधील रचनाभेद’. आणि आत, रुग्णासाठी, साध्या भाषेत : ‘शस्त्रक्रियेनंतर पावलाचा कोणता भाग बधिर वाटेल, हे प्रत्येकात थोडं वेगळं असू शकतं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या, चपलेचा पट्टा बसतो त्या जागी, किंवा करंगळीच्या कडेला मुंग्या आल्या तर नेमकी जागा बोटानं दाखवा.’ इथे ‘चेता’ हा शब्दही नको.