गावची शेती खंडाने दिली आहे, कराचं काय? मुंबईकर जमीनमालकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या रविवारी परळला एका ग्रामस्थ मंडळाच्या मेळाव्यात मला भाताच्या सुधारित जातींवर बोलायचं होतं. भातावर एकही प्रश्न आला नाही. समोर बसलेल्या निम्म्याहून जास्त लोकांची जमीन गावी दुसराच कुणीतरी कसतो, त्यामुळे सगळी गाडी खंड (जमीन कसायला दिल्याचं भाडं), कर आणि कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा, ज्याला कायदा हक्क देतो) यांवरच फिरत राहिली. चहा संपला तरी उरलेले प्रश्न इथे घेतो.

जुन्नर तालुक्यात चार एकर आहे, वर्षाला साठ हजार खंड येतो. मी पेन्शनर. मुलगा म्हणतो रिटर्नमध्ये दाखवा, भाऊ म्हणतो शेतीचं उत्पन्न माफ आहे, दाखवायचं कशाला? (भांडुप)

माफ आहे हे खरं. 1961 च्या आयकर कायद्यात शेती उत्पन्नाच्या व्याख्येतच शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीचा खंड येतो, मग तो रोख असो की धान्यात. म्हणजे गावाहून आलेली तांदळाची पोतीसुद्धा त्यातच. 2025 चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, सवलत तशीच राहिली.

पण माफ म्हणजे लपवायचं असं नव्हे. शेती उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेलं की पेन्शनरांचा आवडता 'सहज' फॉर्म (आयटीआर-1) चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो. तेव्हा मुलगा बरोबर. कर मात्र तुम्हाला बहुधा लागणार नाही. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत बाकीचं करपात्र उत्पन्न 4 लाखांच्या आत असेल, तर शेतीचा आकडा हिशेबात धरलाच जात नाही. त्याहून वर पण 12 लाखांपेक्षा बरंच खाली असाल, तर करसवलतीत सगळं निघून जातं. अगदी बाराच्या काठावर असलेल्यांनी मात्र नीट बेरीज करावी.

खरा फरक पडतो तो चांगल्या पगारदारांना, कारण खंड माफ असला तरी बाकीच्या उत्पन्नावरचा कर ठरवताना तो बेरजेत धरतात. मुलुंडच्या एका ताईंचं करपात्र उत्पन्न 15 लाख आणि खंड साठ हजार. त्यांना हिशेब कागदावर मांडून दाखवला तो असा: आधी 15 लाख 60 हजारांवर कर काढायचा, तो येतो 1,14,000. मग 4 लाखांची करमाफीची मूळ मर्यादा अधिक खंड, म्हणजे 4 लाख 60 हजारांवरचा कर काढायचा, तो 3,000. वजाबाकी 1,11,000. खंड नसता तर कर 1,05,000 झाला असता. म्हणजे खंडावर थेट कर नाही, पण त्याच्यामुळे 6,000 रुपये आणि वर 4 टक्के उपकर वाढला. ताई म्हणाल्या, "म्हणजे माफ नाहीच की!" मी काय बोलणार? शेतसारा तुम्ही भरत असाल तर पावती जपा, खंडाचा आकडा तेवढा कमी धरता येतो.

आणखी एक. सातबारावर तीन भावांची नावं असतील आणि पैसे एकाच्याच खात्यात येत असतील, तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याचा खंड ज्याने त्याने दाखवायचा. साठ हजार तिघांत वीस-वीस. भाऊबंदकीत हे बोलायला जड जातं, पण बँकेच्या नोंदीवरून विचारणा झाली तर उत्तर एकट्यालाच द्यावं लागतं.

अकरा महिन्यांचा करार केला की कूळ लागत नाही ना? (लालबाग)

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. घडीवर फाटलेला, एका कोपऱ्याला चहाचा गोल डाग. आत लिहिलं होतं: 'सदर जमीन अकरा महिन्यांकरिता अर्धेलीने कसण्यास दिली असे.' काकांना अकरा महिन्यांचा भरवसा. मला भीती वाटली ती 'अर्धेलीने' या शब्दाची.

अकरा महिने हा फ्लॅटचा मंत्र आहे, तो शेताला लागू पडत नाही. आपल्या कूळ कायद्यात (पश्चिम महाराष्ट्र-कोकणात 1948 चा, मराठवाड्यात 1950 चा, विदर्भात 1958 चा) पाहतात ते जमीन कोण कसतो. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा हा कूळ मानला जाऊ शकतो. घरचा माणूस, मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर राबणारा गडी आणि ताबा गहाणदार (कर्जापोटी जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा) हे त्यातून वगळलेले. 1948 च्या कायद्यात 'स्वतः कसणे' म्हणजे मजूर लावूनही चालतं, मजुरी रोख किंवा वस्तूत दिली तरी चालते, पण पिकाच्या वाट्यात दिलेली चालत नाही. अर्धेली म्हणजे नेमका पिकाचा वाटा! आणि 1957 च्या कृषक दिनानंतर (1 एप्रिल, तेव्हाची कुळं ज्या दिवशी मालक ठरली) लागलेल्या कुळालाही खरेदीचा हक्क सांगायला कलम 32-ओ आहे.

मग तोंडीच ठेवावं का, असं तिघांनी विचारलं. तोंडी ठेवल्याने कूळ टळत नाही, साक्षीला अख्खं गाव असतं. उलट खंड बुडाला तर तुमच्याच हातात काही उरत नाही. माझं मत विचाराल तर जमीन पुढेमागे स्वतः करायची असेल, तर गडी ठेवा किंवा एकरी मजुरी ठरवा, पैसे खात्यातून द्या, बियाणं-खताची बिलं आणि बाजार समितीची पट्टी (मालविक्रीची पावती) स्वतःच्या नावाने करा. ते जमणार नसेल आणि खंडानेच द्यायची असेल, तर मुदत वर्षाहून जास्त असो की खंड वार्षिक ठरलेला असो, भाडेपट्टा नोंदवावा लागतो. मसुदा महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवूनच करा, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला नव्हे.

नोंदणीचा कसणाऱ्यालाही उपयोग आहे. पीक विम्यात भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्याकडे नोंदणीकृत करार मागतात. कागद नसेल तर नुकसान त्याचं आणि विम्याचा अर्ज तुमच्या नावाचा, असा घोळ होतो. ई-पीक पाहणीही (मोबाइलवरून सातबारावर करायची पिकाची नोंद) त्यालाच करायला सांगा. तिचा फोटो शेतातच काढावा लागतो, भांडुपच्या गॅलरीतून होत नाही. नोंद झाली की डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत काढून पीक बरोबर लागलंय का ते तुम्ही मुंबईत बसून बघू शकता.

पीएम-किसानचे हप्ते माझ्या खात्यात येतात. घ्यावेत का?

मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरला असेल, तर नाही. 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त मासिक पेन्शन असणारे निवृत्तही बहुतांशी अपात्रच. आलेले पैसे परत करायला लागतात. विचारणा यायची वाट बघू नका.

सोलरवाले जमीन भाड्याने मागतात. तेही शेतीचं उत्पन्न धरायचं का?

नाही, आणि इथेच लोक फसतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. रक्कम चांगली आहे, मुरमाड पडीक रानाला तर फारच चांगली. पण त्या जमिनीत पीक उगवत नाही, पॅनल उभे राहतात, म्हणून ते भाडं करपात्र. मोबाइल टॉवर, वीटभट्टी, लग्नाचं लॉन यांचंही तसंच. जीएसटीत शेतीसाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीच्या भाड्याला सूट आहे, ती या वापरांना मिळेल असं गृहीत धरू नका. सोलरचा करार दीर्घ मुदतीचा असतो, त्यामुळे सही करण्याआधी सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. वारसनोंद राहिली असेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन ती करून घ्या.