विषय काढायचा कसा?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी आमच्या विभागाची प्रमुख झाले. माझ्या हाताखालील एक सहकारी वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. त्यांच्या मासिक अहवालातील आकडे वारंवार चुकतात. बोलायचेच असे ठरवून मी त्यांच्या टेबलापर्यंत जाते, भलतेच काहीतरी विचारून परत फिरते आणि रात्री बसून चुका स्वतःच दुरुस्त करते. वरिष्ठांना द्यायचा माझा वार्षिक आढावाही महिनाभर पडून आहे. मी आळशी आहे का?
— एक वाचक

उत्तर : आळशी माणूस दुसऱ्याच्या चुका रात्री जागून दुरुस्त करत नाही. टेबलापासून परत फिरताना आपल्याला क्षणभर हायसे वाटत असणार, आणि खरी मेख तिथेच आहे. टाळले की सुटका होते, हा धडा मन दर वेळी अधिक पक्का करते, त्यामुळे पुढच्या खेपेला विषय काढणे आणखी जड जाते. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीची हीच बाजू मांडली : तिचे मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा त्या क्षणीची अस्वस्थता शमवण्याच्या धडपडीत असते. म्हणून नवे वेळापत्रक आखून आपल्याला फारसा उपयोग होणार नाही.

मला अधिक काळजी वाटते ती रात्रीच्या दुरुस्त्यांची. त्या गृहस्थांपर्यंत त्यांची चूक पोहोचतच नाही. त्यांच्या दृष्टीने आठ महिने सारे सुरळीत चालले आहे. आपण त्यांचा मान राखता आहात असे आपल्याला वाटते, पण सुधारण्याची संधी त्यांना नाकारली जाते आहे, आणि हे कधीतरी तिसऱ्याकडून कळले तर त्यांना ते अधिक लागेल. तेव्हा पुढचा अहवाल दुरुस्त करू नका. चुकलेल्या आकड्यांवर खूण करून तो तसाच समोर ठेवा.

बोलण्याचे पहिले वाक्य आधी कागदावर लिहून काढा, उदाहरणार्थ, ‘या अहवालात तीन ठिकाणी बेरीज जुळत नाही, आपण दोघे मिळून एकदा पाहू या का?’ त्याआधी स्तुतीची लांबण लावू नका, कारण तिच्यातच मूळ विषय हरवतो. वेळही प्रसंगाला बांधून घ्या : ‘दुपारच्या सुट्टीनंतर ते जागेवर बसले, की मी जाऊन वीस मिनिटे मागेन.’ अशा ‘जर-तर’ संकल्पाने ठरवलेले काम हातून होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे. ईमेलचा आडोसा मात्र घेऊ नका. तीही टाळाटाळच ठरेल.

आढाव्याचे म्हणाल, तर त्यातला जो परिच्छेद लिहायला नको वाटतो, बहुधा अपुऱ्या राहिलेल्या उद्दिष्टाचा, तोच आधी लिहा, मग तो कितीही ओबडधोबड उतरला तरी चालेल.

त्या सहकाऱ्यांना राग आला, तर येऊ द्या, ऐकून घ्या. पण अवघडून जाऊन ‘राहू द्या, मीच बघते’ असे म्हणू नका. पुढील अहवालातील बेरजा कोणी आणि कोणत्या दिवशी पडताळायच्या, हे ठरल्याशिवाय दोघांनीही उठू नये.