वाचकांचे प्रश्न : निवृत्त शिक्षकांची महागाई वाढ नेमकी कोठे गळते?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून २०१७ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. २०२५ च्या वित्त अधिनियमामुळे निवृत्तांची महागाई वाढ बंद होणार, असा संदेश आमच्या व्हॉट्सॲप गटावर वारंवार येतो. हे खरे आहे काय? नसल्यास, ही वाढ सुरक्षित राहावी यासाठी आम्ही कशावर लक्ष ठेवावे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, तो संदेश खोटा आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने नोव्हेंबर २०२५ मध्येच तसे स्पष्ट केले. २०२५ मध्ये केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांतील ज्या नियम ३७ मध्ये दुरुस्ती झाली, ती दुरुस्ती सरकारी सेवेतून सार्वजनिक उपक्रमात सामावून घेतलेल्या आणि पुढे गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. तुमचे निवृत्तिवेतन तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे चालते. २०२५ च्या वित्त अधिनियमात निवृत्तीच्या तारखेनुसार निवृत्तांमध्ये भेद करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला आहे, ही काळजीची बाब जरूर आहे; परंतु तिचा संबंध वेतन आयोगानंतर मूळ निवृत्तिवेतन नव्याने ठरवण्याशी आहे, दर सहा महिन्यांच्या महागाई वाढीशी नाही.

मात्र संदेश खोटा म्हणून निश्चिंत राहावे, असेही मी म्हणणार नाही. महागाई वाढ, म्हणजे मूळ निवृत्तिवेतनावर टक्केवारीने मिळणारी जादा रक्कम, एका फटक्यात बंद होण्याची शक्यता कमी. ती गळते ती दोन ठिकाणी, लागू होण्याच्या तारखेत आणि थकबाकीत. दर ठरतो तो औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून, आणि तो १ जानेवारी व १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. (हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला असल्याने सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याच्या औषधपाण्याचा भार त्यात पुरता उतरत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.) केंद्राने दर जाहीर केला म्हणजे तो आपल्याला आपोआप लागू होत नाही. राज्याच्या वित्त विभागाचा स्वतंत्र शासन निर्णय निघावा लागतो, आणि त्यातील कलमाने तो योग्य त्या फेरफारांसह जिल्हा परिषदांच्या व अनुदानित शिक्षणसंस्थांच्या निवृत्तिवेतनधारकांना लागू होतो. १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के दर केंद्राने मार्चअखेर मंजूर केला, राज्याचा निर्णय ऑगस्टमध्ये निघाला. त्या वेळी थकबाकी मिळाली, म्हणून नुकसान केवळ विलंबाचे झाले.

थकबाकीच नाकारली जाते, तेव्हा काय होते ते २०२० साली आपण पाहिले. करोनाकाळात १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ या अठरा महिन्यांसाठी दर १७ टक्क्यांवर गोठवला गेला, आणि १ जुलै २०२१ पासून तो एकदम २८ टक्के झाला. निर्देशांकाप्रमाणे मधले तीन टप्पे ४, ३ आणि ४ टक्क्यांचे, म्हणजे एकावर एक धरून ४, ७ आणि ११ टक्क्यांचे होते. ज्यांचे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये होते, त्यांचे पहिल्या सहा महिन्यांत दरमहा १,२००, पुढील सहा महिन्यांत २,१०० आणि शेवटच्या सहा महिन्यांत ३,३०० रुपये, असे एकूण ३९,६०० रुपये कायमचे गेले. दर पूर्ववत झाला म्हणून पुष्कळांना हे जाणवलेच नाही. दर परत आला, पैसे परत आले नाहीत.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयात, निवृत्तांच्या हक्कांसंबंधीच्या नकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची देणगी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे ठामपणे सांगितले. तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. माझ्या मते महागाई वाढ हा त्याच मोबदल्याचा भाग आहे, कारण तिच्याविना १९९५ साली निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षिकाबाईंचे निवृत्तिवेतन आज किराण्यालाही पुरले नसते. म्हणून संघटनांनी केवळ टक्केवारीसाठी निवेदने देत न बसता एक निश्चित मागणी धरावी : केंद्राचा दर जाहीर झाल्यापासून ठरावीक मुदतीत, मूळ तारखेपासून आणि थकबाकीसह वाढ देण्याची तरतूद नियमांतच असावी, ती दर वेळी निघणाऱ्या शासन निर्णयावर सोडू नये.

आता तुमच्या हातातले काम. महागाई वाढ मूळ निवृत्तिवेतनावर मोजली जाते, पेन्शन विकल्यानंतर उरलेल्या रकमेवर नव्हे. मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये असेल आणि त्यातील ४० टक्के, म्हणजे १२,००० रुपये, अंशराशीकृत केलेले (एकरकमी पैसे घेऊन विकलेले) असतील, तर हाती १८,००० राहतात. पण ५५ टक्क्यांची वाढ ३०,००० वरच, म्हणजे १६,५०० रुपये मिळायला हवी. १८,००० वर मोजल्यास ती ९,९०० होते आणि दरमहा ६,६०० रुपयांचा खड्डा पडतो. तेव्हा पासबुकातील एकूण आकड्यावर समाधान न मानता मूळ निवृत्तिवेतन, अंशराशीकरणाची कपात आणि महागाई वाढ असा तपशील मागून घ्या, आणि फरक आढळल्यास शासन निर्णयाचा दिनांक नमूद करून लेखी अर्ज द्या व पोच घ्या. तोंडी विचारणेची कोठेही नोंद राहत नाही.

प्रश्न : माझे यजमान अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मला महागाई वाढ त्याच दराने मिळते काय? माझा मुलगाही अनुदानित शाळेत २००८ पासून शिक्षक आहे; त्याचे काय?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, कुटुंब निवृत्तिवेतनावर महागाई वाढ त्याच दराने आणि त्याच तारखेपासून मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास मात्र विसरू नका.

मुलाची गोष्ट वेगळी आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना १९८२ चे नियम लागू नाहीत. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील जमा रकमेतून जी वार्षिकी (नियमित रक्कम देणारी विमा कंपनीची योजना) विकत घेतली जाते, तिच्यावर सरकारची महागाई वाढ मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यानंतर राज्याने २०२४ मध्ये सुधारित योजना पुढे आणली. तिच्यात शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई वाढ, हे तत्त्व मान्य झाले आहे. या योजनेचा विकल्प देताना मुलाने किती रक्कम परत करावी लागते यापेक्षा, महागाई वाढ आपल्या पदाला लागू असल्याचा उल्लेख आदेशात लेखी आहे ना, हे आधी पाहावे.