आजीचं 'कंट्रोल' आणि मुंबईचं 'रेशन'

प्रश्न असा आला आहे: "यवतमाळकडची माझी आजी रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणते. 'कंट्रोलातून साखर आणली', 'आज कंट्रोल उघडलंच नाही' असं. घरातली मुलं हसतात. हा शब्द चुकीचा आहे का? आणि 'रेशन'ला मराठी शब्द कोणता वापरावा?"

मुलांना आधी सांगा की आजी अगदी बरोबर बोलतात. त्यांच्या तोंडी जो शब्द आहे तो दुसऱ्या महायुद्धातला आहे आणि माझ्या मते 'रेशन'च्या आधी घरात शिरलेला आहे.

लढाई सुरू झाली 1939 च्या सप्टेंबरात. आपल्या शहरांवर बॉम्ब पडण्याआधीच वाण्याच्या दुकानातले भाव चढले, तेव्हा सरकारने प्रथम हात घातला तो भावाला. अमुक माल अमुक भावाच्या वर विकायचा नाही, असे हुकूम निघाले. तो 'कंट्रोल भाव'. मग त्या भावाला मिळणारा माल तो 'कंट्रोलचा माल', 1943 मध्ये कापडावर नियंत्रण आलं तेव्हा 'कंट्रोलचं कापड', आणि हे सगळं जिथे मिळतं ती जागा म्हणजे नुसतं 'कंट्रोल'. विशेषण होतं, त्याचं नाम झालं.

पण भाव बांधला की माल समोरून नाहीसा होतो आणि मागच्या दाराने चढ्या दराने मिळतो. 'काळाबाजार' आणि 'ब्लॅकने घेतलं' हे बोल याच दिवसांत घरोघर पोचले. त्यात मार्च 1942 मध्ये रंगून जपानच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. मुंबईला त्या तांदळाची सवय. नुसता भाव बांधून भागेना, म्हणून माणशी किती हेही ठरवावं लागलं. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि लोकांच्या हाती कार्डं आली.

म्हणजे 'कंट्रोल' हा भावाचा शब्द आणि 'रेशन' हा मापाचा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. 'रेशन' मुळात पलटणीतला शब्द, शिपायाला रोज मोजून मिळणारा शिधा. लढाईने तो बराकीतून उचलून गिरगावातल्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. 1946 च्या टंचाईत तर हे माप दिवसाला माणशी 12 औंस धान्यावर आलं, म्हणजे साधारण 340 ग्रॅम. माझी आईकडची आजी चाळीत राहायची. ती सांगे की त्या दिवसांत चार दिवस राहायला येणारा पाहुणा पिशवीत आपल्या वाटचे तांदूळ घेऊन यायचा, आणि ती पिशवी हातात घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी आलेल्याच्या पानात वाढायचं ते त्याच्याच पिशवीतून! 'रेशन' शब्दाचा अर्थ मला त्या पिशवीमुळे कळला, कोशामुळे नव्हे.

वडिलांकडची मंडळी अकोल्याची. तिथे कायम 'कंट्रोल'. एकाच घरात दोन आज्या, दोन शब्द. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे हा शब्द आजही ऐकू येतो, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या हिंदीतही 'कंट्रोल की दुकान' आहे. मला वाटतं, मुंबईत कार्ड आणि माप हाच रोजचा अनुभव झाला म्हणून 'रेशन' जिंकलं. गावाकडे स्वस्त भावाचं दुकान हीच ओळख राहिली म्हणून 'कंट्रोल' टिकलं.



आता दुसरा प्रश्न. 'शिधा' हा उत्तम मराठी शब्द आहे. कोरडा शिधा आपण ब्राह्मणाला देतो, वारकऱ्याला देतो. त्यात देणाऱ्याचा आदर आहे. त्यावरून 'शिधापत्रिका' घडला आणि सरकारी कागदावर पक्का बसला. 2022 च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' ही सरकारी योजना आली तेव्हा 'शिधा' बोलण्यातही पुन्हा आला. तरी रांगेत उभं राहून कुणी 'माझी शिधापत्रिका' म्हणत नाही, 'कार्ड'च म्हणतं. लिहिताना 'शिधापत्रिका' जरूर लिहा, बोलताना 'रेशन' आणि आजीशी बोलताना 'कंट्रोल'.

उच्चाराचं थोडक्यात: इंग्रजीत 'रॅशन' आणि 'रेशन' दोन्ही चालतात, मराठीने 'रेशन' घेतलं, हिंदीने 'राशन' केलं. मराठी लिहिताना 'राशन' टाळावं.

एक गोष्ट मात्र आजींना माझ्यासाठी विचारा. त्या 'कंट्रोल उघडलं' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नपुंसकलिंग. आमच्या अकोल्याच्या घरी 'कंट्रोल उघडला' असं ऐकल्याचं मला पक्कं आठवतं. त्यांच्या माहेरी काय म्हणत?