‘लुसोफोन’मधला फोन कुठला?

एका वाचकमैत्रिणीचा प्रश्न आहे: “गोव्यातल्या एका कार्यक्रमाच्या बातमीत ‘लुसोफोन देशांमधील मालिका आणि संगीताची देवाणघेवाण’ असं वाचलं. आधी वाटलं, ही एखादी मोबाइल कंपनी असेल. लुसोफोन म्हणजे काय? मराठीत त्याला शब्द आहे का? आणि सरळ ‘पोर्तुगीज देश’ का म्हणू नये?”

मोबाइल कंपनी वाटणं अगदी साहजिक आहे. फोन तोच आहे, फक्त यंत्रातला नाही. ग्रीक ‘फोने’ म्हणजे आवाज. दूरचा आवाज तो टेलिफोन, अदोल्फ साक्स या कारागिराच्या वाद्याचा आवाज तो सॅक्सोफोन. १८८० साली ओनेझिम रक्लू या फ्रेंच भूगोलकाराने फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी ‘फ्रँकोफोन’ शब्द वापरला आणि त्याच साच्यातून पुढे अँग्लोफोन, लुसोफोन वगैरे मंडळी निघाली. लुसोफोन म्हणजे ज्याच्या तोंडी पोर्तुगीज आहे तो, किंवा तो देश.

‘लुसो’ आला लुसितानियावरून. हा रोमन साम्राज्याचा एक प्रांत. आजच्या पोर्तुगालचा बराचसा भाग त्यात होता, पण त्याची राजधानी मेरिदा आज स्पेनमध्ये आहे, हे कळल्यावर मला जरा गंमत वाटली होती. लुसस नावाच्या एका पौराणिक पुरुषावरून हे नाव पडलं असं सांगतात. तो मद्यदेव बाकसचा मुलगा म्हणा किंवा सोबती म्हणा. कामोइंश या कवीने १५७२ साली छापलेल्या आपल्या महाकाव्याचं नावच ‘लुससची लेकरं’ अशा अर्थाचं ठेवलं, आणि तेव्हापासून ‘लुसो’ म्हणजे पोर्तुगालचं भारदस्त, दरबारी नाव झालं. आपण साध्या गप्पांत भारत म्हणू आणि भाषणात भरतभूमी म्हणू, तसं. (या कवीने गोव्यातही काही वर्षं काढली. तो इथे आला १५५३ साली.)

उच्चाराबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला एकटा ‘एस’ नेहमी ‘झ’ होतो. म्हणून मूळ उच्चार ‘लुझोफोन’च्या जवळचा, आणि तो झ ‘झोप’मधला, ‘झेंडा’मधला नव्हे. आपल्याकडे ‘लुसोफोन’ आला तो इंग्रजी बातमीच्या खांद्यावर बसून.

आता मुख्य मुद्दा: ‘पोर्तुगीज देश’ का नको? कारण मराठीत ‘पोर्तुगीज’ म्हणजे भाषाही आणि माणसंही. ‘पोर्तुगीजांनी वसई घेतली’ या वाक्यात भाषा नसते. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला, अंगोला आणि मोझांबिक १९७५ मध्ये, तेही लांबलचक युद्धानंतर. त्यांना ‘पोर्तुगीज देश’ म्हणणं म्हणजे नायजेरियाला ‘इंग्रज देश’ म्हणण्यासारखं आहे. मराठीत ‘पोर्तुगीजभाषक’ हा शब्द सरळ तयार आहे. ‘भाषक’च हं, ‘भाषिक’ नव्हे. भाषक म्हणजे बोलणारा, भाषिक म्हणजे भाषेसंबंधीचा. ‘मराठी भाषिकांचा मेळावा’ असे फलक पाहून मी दर वेळी उसासा टाकतो, आणि फलक दर वर्षी तेच असतात.

मात्र ‘पोर्तुगीजभाषक’ म्हणतानाही थोडं सबुरीनं घ्यावं. मोझांबिकच्या २०१७ च्या जनगणनेत पोर्तुगीज मातृभाषा असलेले लोक पाचांत एकही भरले नाहीत. केप व्हर्दमध्ये घरात क्रिओल (पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या सरमिसळीतून बनलेली भाषा) चालते, पूर्व तिमोरमध्ये तेतुम ही तिथली भाषा. या देशांची जी अधिकृत संघटना १९९६ मध्ये लिस्बनला स्थापन झाली, तिच्यात २०१४ साली इक्वेटोरियल गिनी दाखल झाला. तो देश होता स्पेनची वसाहत, आणि तिथे पोर्तुगीज बोलणारा माणूस शोधावा लागेल. गंमत अशी, की या संघटनेने स्वतःच्या नावात ‘लुसो’ घेतलेला नाही. नाव साधंच आहे: पोर्तुगीज भाषेच्या देशांचा समुदाय. ब्राझील, अंगोला, मोझांबिकमधल्या पुष्कळ लेखक-अभ्यासकांना ‘लुसोफोनिया’ (म्हणजे पोर्तुगीजभाषक जग) हा शब्द खुपतो. भाषा सगळ्यांची आणि पाटी मात्र जुन्या मालकाच्या नावाची, अशी त्यांची तक्रार आहे. मला ती पटते, कारण देवाणघेवाणीचा हिशेब मांडला तर त्यात लिस्बन बरेचदा घेणाऱ्याच्या बाजूला दिसतं.

१९७७ सालची गोष्ट घ्या. पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली होती आणि टीव्ही म्हणजे फक्त सरकारी वाहिनी. त्या वाहिनीवर ‘गाब्रिएला’ ही ब्राझीलची मालिका लागली. संध्याकाळी रस्ते ओस पडत. शेवटच्या भागासाठी संसदेचं कामकाजही आटोपतं घेतलं, असं आजही सांगितलं जातं. रामायणाच्या वेळच्या रविवार-सकाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. लोकांच्या घरात रोज तासभर ब्राझिली बोली वाजायला लागली आणि मालिकांमागून मालिका येत राहिल्या. पोर्तुगालमध्ये रांगेला जुना शब्द होता ‘बिशा’. त्याचा मूळ अर्थ जंत, सरपटणारा लांबुळका जीव. आपण रांगेला मारुतीचं शेपूट म्हणतो, त्यातलीच ही कल्पना. पण ब्राझीलमध्ये ‘बिशा’ ही समलिंगी पुरुषाला घातलेली शिवी. तो अर्थ समुद्रापलीकडून कानावर आला आणि पोर्तुगालमधले लोक हळूहळू रांगेला ‘फिला’ म्हणू लागले. बँकेत उभं राहून ‘मी बिशात आहे’ म्हणायला जीभ कचरायला लागली. एका देशाच्या करमणुकीने दुसऱ्या देशाच्या तोंडचा रोजचा शब्द काढून घेतला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

असे चकवणारे शब्द आणखीही आहेत. ‘रापारिगा’ म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी, पण ब्राझीलच्या ईशान्य भागात हा शब्द उच्चारलात तर मार खाल. ‘प्रोपिना’ म्हणजे पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी आणि ब्राझीलमध्ये लाच. (आपल्याकडे काही ठिकाणी दोन्ही अर्थांना एकच शब्द चालून जाईल.) मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते आणि आपली शिक्षा वर्गाबाहेर उभं राहून भोगायची.

अंगोलात तर मालिकेने थेट नकाशावर नाव कोरलं. ‘रोके सांतेइरो’ ही मालिका ब्राझीलच्या लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने १९७५ मध्ये अडवली होती. लष्कर गेल्यावर १९८५ मध्ये ती नव्याने तयार होऊन पडद्यावर आली आणि अंगोलातही पोहोचली. तिथे तेव्हा यादवी चालू होती, सरकारी दुकानांची फळ्या-कपाटं रिकामी. राजधानी लुआंडाच्या सांबिझांगा भागात एक अफाट उघडा बाजार आपोआप उभा राहिला. मीठ-मिरचीपासून गाडीच्या सुट्या भागांपर्यंत काय वाटेल ते तिथे मिळे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं रोके सांतेइरो. पुढे तो आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक गणला गेला. २०१० मध्ये सरकारने तो बंद करून विक्रेत्यांना शहराबाहेर पांगिलाला हलवलं. लुआंडात जुनी माणसं अजून ‘रोके’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मालिका नसते, बाजार असतो.

अंगोलानेही काही कमी दिलेलं नाही. उलट त्याचं देणं जुनं आहे आणि त्याची सुरुवात गुलामांच्या जहाजांतून झाली, म्हणून त्याला देवाणघेवाण म्हणायला जीभ धजत नाही. लुआंडा परिसरातली भाषा किंबुंदू. तिचा ‘कसुले’ ब्राझीलमध्ये ‘कासुला’ झाला, म्हणजे आपलं शेंडेफळ. केसांतून हलकेच बोटं फिरवत राहण्याला ब्राझीलमध्ये ‘काफुने’ असा अख्खा एक शब्द आहे, आणि त्याचंही मूळ तिकडचंच सांगतात. ‘किझोंबा’ म्हणजे किंबुंदूत उत्सव. अंगोलात ते एका नृत्यसंगीताचं नाव झालं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपल्याच्या शताब्दीला, १९८८ च्या रिओ कार्निव्हलमध्ये, विला इझाबेल सांबापथकाने हाच शब्द शीर्षकात घेतला आणि स्पर्धा जिंकली. शिवाय आज लिस्बनची पोरं ‘खूप’ला ‘बुए’ म्हणतात आणि ‘सटकणे’ला ‘बाझार’. दोन्ही किंबुंदूचेच, स्थलांतरितांच्या वस्त्यांतून वर आलेले. या बाझारचा आपल्या बाजाराशी काही संबंध नाही, उगाच व्युत्पत्ती जुळवू नका.

हे सगळं सारख्या वजनाने चालतं असं मात्र नाही. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. पोर्तुगालच्या माणसाला ब्राझिली बोली सहज कळते, पण पोर्तुगालच्या काही मालिका ब्राझीलमध्ये दाखवताना चक्क ब्राझिली आवाजात डब कराव्या लागल्या. मराठी माणसाला सिनेमामुळे हिंदी कळतं, उलटं होत नाही. कारण कान कशाला सरावलाय यावर सगळं असतं. २०२१ च्या अखेरीस पोर्तुगालच्या वर्तमानपत्रांत वेगळीच हाकाटी झाली: टाळेबंदीत यूट्यूबवर ब्राझिली व्हिडिओ पाहून आमची मुलं ‘ब्राझिली’ बोलायला लागली, गवताला ‘रेल्व्हा’ सोडून ‘ग्रामा’ म्हणतात, फ्रिजला ‘झेलादेइरा’ म्हणतात! आईबाप हवालदिल. आपल्याकडे कार्टून पाहून नातवंडं ‘आजी, मुझे भूख लगी’ म्हणतात, तेव्हा होणारी चिडचिड हीच.

गोव्याचा धागा थोडक्यात. साळगाव-म्हापशाच्या मुलखातल्या आसगावचे फादर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा कोश दोन खंडांत, १९१९ आणि १९२१ मध्ये, काढला आणि त्याच्या नावात ‘लुसो-आशियाई’ असं विशेषण घातलं. आपल्या बाजूचे पाव, चावी, पगार, लिलाव, तुरुंग सगळ्यांना ठाऊक आहेत. पण काजू पाहा: शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा, झाडही तिथलंच, पोर्तुगीज जहाजाने फक्त आणून पोहोचवलं. आणि ‘इंग्रज’ हा शब्दही आपण इंग्रजांकडून नव्हे, पोर्तुगीजांच्या तोंडून उचलला. ‘वलंदेज’ही तसाच.

तेव्हा त्या बातमीत मी लिहिलं असतं: ‘पोर्तुगीजभाषक देशांमधील मालिका आणि संगीताची देवाणघेवाण’. तीन अक्षरं जास्त जातील, जाऊ देत. विशेषनाम असेल तिथे मात्र हात लावू नये. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात झालेल्या स्पर्धेचं नाव लुसोफोनिया गेम्स होतं, ते तसंच ठेवावं. फक्त वाचताना ‘झोप’मधला झ म्हणून पाहा, कानाला बरा लागतो.